पत्र्याचा डोंगा आणि नागपूर केंद्र

माणिकगडच्या डोंगरावर वसलेला जिवती तालुका आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी, गडचांदूरच्या जवळ, अमलनाल्याला बांध घालून अडवलेले पाणी, हा मुलूख महसुली दप्तरांतून जितक्या वेळा एका हातून दुसऱ्या हाती गेला तितक्या वेळा महाराष्ट्रातले फार थोडे मुलूख गेले असतील. राजुऱ्याचा हा सारा इलाखा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेने तो मुंबई राज्यात आणला, काही काळ नांदेडच्या अमलाखाली ठेवला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या स्वाधीन केला. आणि सरहद्दीवरील काही गावांविषयी तर महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही राज्यांचे दावे आजही जारी आहेत. आकाशातून येणाऱ्या लहरींना या दाव्यांची दखल घेण्याचे कारण नाही. निजामाच्या अमदानीत इथल्या एखाद्या धनिकाच्या वाड्यात रेडिओ असलाच, तर त्यावर हैदराबादचे ‘डेक्कन रेडिओ’ हे केंद्र ऐकू येत असे, जे पुढे १९५० मध्ये आकाशवाणीत विलीन झाले. नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैमध्ये सुरू झाले, आणि आज जिवतीच्या पठारावर संच उघडून बसणाऱ्याला दिवसा नागपूर, चंद्रपूर, आदिलाबाद, आणि सूर्यास्तानंतर हैदराबाद व रायपूरही, अशी तीन राज्यांची केंद्रे एकाच तबकडीवर सापडतात. ज्या बाजारात गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू आणि मराठी एकमेकींना न अडखळवता चालतात त्या बाजारातल्या माणसाला याचे नवल वाटत नाही.

परंतु हे झाले पठारावरचे. पठार उतरून जलाशयाच्या काठी आले आणि काठ सोडून पाण्यावर गेले, म्हणजे या श्रवणसमृद्धीचा एकाएकी लोप होतो. अमलनाल्यावर जाळी टाकणाऱ्या एका वयोवृद्ध ढिवराने या लोपाचे वर्णन माझ्याजवळ एका वाक्यात केले होते, आणि त्या वाक्यात व्याधीचे निदान जवळजवळ पूर्ण सामावलेले होते: “काठावर बोलते जी, डोंग्यात घेऊन बसलं का मुकं होते.” संच तोच, विद्युत्‌घट म्हणजे सेल तेच, केंद्र तेच, बदलले ते एवढेच की ऐकणारा आता पत्र्याच्या आत बसला आहे. मोबाइलचा पर्याय सुचवणाऱ्यांनी या डोंगराच्या घड्यांमधून एकदा हिंडून पाहावे. येथे दूरध्वनीचा संकेत एका टेकाडावर भेटतो आणि पुढच्या उतारावर हरवतो; पाण्यावर तर त्याचा भरवसा धरून कोणी हवामानाचा अंदाज ऐकण्याची वाट पाहत नाही. पहाटे जाळे काढायला जाणाऱ्याला संध्याकाळी आभाळ कसे राहील हे सांगणारा विश्वासाचा आवाज अजूनही रेडिओचाच आहे, आणि जाळ्याची तासन्‌तास वाट पाहण्याच्या कामात गाण्यांची सोबत मिळते ती वेगळीच.

आता या पत्र्याच्या डोंग्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता या नद्यांवर पूर्वापार चालत आलेला डोंगा एकाच मोठ्या खोडाचा कोरलेला असे. परंतु तशी खोडे दुर्मिळ झाली, जी उरली त्यांना जंगल खात्याच्या हुकमाविना कोणी हात लावू शकत नाही, आणि म्हणून कारागिरांनी जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा वाकवून, रिबिटांनी जोडून, सांध्यांवर डांबर फासून नव्या जातीचा डोंगा घडवला. कोठे डांबराची किंवा तेलाची रिकामी पिपे उभी चिरून त्यांचा तळ केलेला दिसतो, तर पाहणीच्या कामासाठी आलेल्या सरकारी होड्या ॲल्युमिनियमच्या असतात. हलका, स्वस्त, गळू लागला तर गावातल्या गावात दुरुस्त होणारा हा डोंगा प्रत्येक बाबतीत उपयुक्त आहे. रेडिओ ऐकण्याच्या एका बाबतीत मात्र त्याने आपल्या मालकाचे नुकसान केले आहे अशी सर्वांची समजूत आहे. ती समजूत निम्मी खरी आहे, आणि राहिलेल्या निम्म्यातच या लेखाचा विषय आहे.

मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये धातूने मढवलेली एक खोलीच उभारून दाखवून दिले होते की विद्युत्‌भार धातूच्या बाह्य अंगावर राहतो आणि आतला अवकाश त्यापासून अलिप्त असतो. डोंगा वरून उघडा असल्यामुळे तो पूर्ण पिंजरा नव्हे. तरीही लहरींपुढे त्याच्या भिंती काय करतात हे आकड्यांत पाहिले तर आश्चर्य वाटते. नागपूर केंद्राच्या ५८५ किलोहर्ट्‌झच्या मध्यम लहरी ॲल्युमिनियममध्ये शिरल्या तर मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या हिश्श्यातच त्यांचा जोर एकतृतीयांशाच्या आसपास येतो, लोखंडात त्याहूनही लवकर. मग मिलिमीटरभर जाडीचा पत्रा ओलांडून पलीकडे काय पोचणार? जे पोचते ते उघड्या तोंडावरून, वळसा घेऊन, आणि डोंग्याच्या तळाशी ठेवलेल्या संचापर्यंत येईतो त्यातले बरेचसे गळालेले असते. त्या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर आहे, आणि डोंग्याची लांबी तीन-चार मीटर; म्हणजे लहरीच्या मानाने आत शिरण्याचे तोंड फारच लहान.

येथे संचाच्या अंतरंगाकडे वळावे लागते. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये मध्यम लहरींसाठी बाहेर काढलेली दांडी कामाची नसते, हे फार थोड्यांना ठाऊक असते; ते काम पेटीच्या आत आडव्या बसवलेल्या, तांब्याच्या बारीक तारेचे वेढे घेतलेल्या काळ्या फेराइट कांडीचे आहे. ही कांडी लहरींतील चुंबकीय अंश ग्रहण करते. केंद्राच्या दिशेशी ती काटकोनात असली की ग्रहण सर्वांत अधिक, आणि तिचे टोक केंद्राकडे झाले की ग्रहण जवळजवळ शून्य. शिवाय ही कांडी आणि संचातील कंडेन्सर यांचा मेळ विशिष्ट लहरीशी बसवलेला असतो. कांडीच्या निकट धातूचा मोठा पत्रा आला की त्या पत्र्यात उलट प्रवाह निर्माण होतात, वेढ्यांचे प्रवर्तन घटते आणि बसवलेला मेळ ढळतो. म्हणजे डोंग्यात रेडिओ ठेवणाऱ्यावर तिहेरी आपत्ती येते: भिंतींनी लहर अडते, तळाच्या पत्र्याने मेळ बिघडतो, आणि जाळे ओढताना डोंगा जसा फिरतो तशी कांडीही फिरून कधी केंद्राच्या दिशेशी काटकोनात येते, कधी तिचे टोक केंद्राकडे होते.

हे सारे मी पुस्तकात वाचले होते. त्याचा उलगडा काठावर बसून पाहण्याचा योग आला तो गडचांदूरच्या बाजारातील एका मिस्तरीमुळे. या गृहस्थाने आयुष्याची सुरुवात व्हॉल्व्हच्या रेडिओंपासून केली, मग ट्रान्झिस्टर, मग दूरदर्शनचे संच आणि आता मोबाइलच्या काचा बदलण्यापर्यंत तो आला आहे. परंतु कोणी जुना रेडिओ घेऊन आला की समोरचे गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तो आधी रेडिओ उघडतो, हे त्याच्या दुकानाच्या भरभराटीला पोषक नसले तरी मला त्याच्याविषयी आदर वाटायला पुरेसे आहे. त्या वृद्ध ढिवराला तो ‘मामा’ म्हणे आणि मामा त्याला ‘मिस्तरी’. पहिल्या दिवशी मिस्तरीने हत्यारांच्या पेटीला हातही लावला नाही. मामांचा संच त्याने प्रथम डोंग्याच्या तळाशी ठेवला: खरखर आणि तिच्याखाली कुठे तरी बुडालेला निवेदक. मग दोन काठांवर आडवी लाकडी फळी टाकून तिच्यावर ठेवला: निवेदक वर आला. मग फळीवर बांबूचा हातभर उंचीचा खुंट बांधून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि हळूहळू फिरवला. एका स्थितीत नागपूर केंद्राच्या मराठी बातम्या शब्द न्‌ शब्द उमटल्या, आणि तेथून चौथाई फेरा दिला की पुन्हा खरखर.

नागपूर या जागेपासून जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे दीडशे-एकशे साठ किलोमीटरांवर आहे. म्हणजे कांडी पूर्व-पश्चिम हवी. आणि बहुतेक संचांत ती पेटीच्या लांबीला समांतर असल्यामुळे संचाचे तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला हवे. मिस्तरीने ही विद्या मामांना दिशांच्या भाषेत न सांगता माणिकगडाच्या भाषेत सांगितली: डोंगा कुठेही वळो, रेडिओची पाठ गडाकडे ठेवायची. जलाशयावरून गड ज्या बाजूला दिसतो ती बाजू पाहता ही सूचना काटेकोर भूगोलात थोडी तिरकी आहे, परंतु कांडीचे ग्रहण कमाल स्थितीच्या आसपास फार मंद गतीने घटते, आणि शून्याची जागा तेवढी अरुंद असते. तेव्हा थोड्या तिरकेपणाने काही बिघडत नाही. खुंटावर एक लहान पाट एका खिळ्याभोवती फिरेल असा बसवला, पाटावर संच दोरीने आवळला, आणि मध्यम लहरींचे निम्म्याहून अधिक काम संपले. यात खर्च म्हणावा असा काही नव्हता. मला वाटते, रेडिओच्या दुरुस्तीला निघणारे बहुतेक लोक नवा संच विकत घेण्यापासून आरंभ करतात. वस्तुतः तो सर्वांत शेवटचा, आणि बहुधा अनावश्यक, टप्पा आहे.

चंद्रपूर केंद्राचे प्रकरण निराळे. ते १०३ मेगाहर्ट्‌झवर एफएम पद्धतीने बोलते; त्याच्या लहरीची लांबी अवघी २.९ मीटर, म्हणजे डोंग्याच्याच मापाची. या लहरी मध्यम लहरींप्रमाणे जमिनीला धरून चालत नाहीत. त्या दृष्टीप्रमाणे सरळ जातात आणि डोंगर आला की थबकतात. सुदैवाने अमलनाल्यापासून चंद्रपूर ईशान्येकडे, सरळ रेषेत सुमारे तीस किलोमीटरांवर, सखल बाजूला आहे, आणि डोंगर पाठीशी आहेत. पाण्याच्या पृष्ठभागापासून एरियल जितके उंच तितके क्षितिज दूर. हे अंतर उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून एक मीटर उंचीवरच्या एरियलला सुमारे चार किलोमीटर आणि तीन मीटर उंचीवरच्याला सुमारे सात किलोमीटर क्षितिज मिळते, ज्यात प्रक्षेपकाच्या मनोऱ्याचे स्वतःचे क्षितिज मिळवायचे असते. ज्याने दांडी दोन हात वर नेली त्याने पैशाशिवाय मोठी कमाई केली.

तथापि येथे उंचीहून महत्त्वाची गोष्ट पत्र्याची आहे, आणि मामांच्या तक्रारीचे उरलेले अर्धे सत्य तेथेच सापडते. एरियलच्या दांडीला एकटीने लहर पकडता येत नाही; टाळी एका हाताने वाजत नाही. दांडीतील प्रवाहाला उत्तर देणारा दुसरा अर्धा भाग कोठे तरी असावा लागतो. मोटारगाडीच्या टपावर उभी केलेली छोटी काठी उत्तम ऐकते याचे कारण काठीत नसून टपाच्या पत्र्यात आहे. कोकणच्या किनाऱ्यावरील लाकडी किंवा फायबरच्या होडीत बिनतारी संच बसवणाऱ्यांना हा दुसरा अर्धा भाग मुद्दाम निर्माण करावा लागतो. ते तळाशी तांब्याचा पत्रा ठोकून समुद्राच्या पाण्याशी त्याचा संपर्क साधतात, कारण खारे पाणी विजेचे बऱ्यापैकी वाहक आहे. तलावाचे गोडे पाणी त्या मानाने शंभराहून अधिक पटींनी कमी वाहक. त्याचा या कामी भरवसा नाही. पण पत्र्याच्या डोंग्याला समुद्राची गरजच काय? त्याचे अंगच तीन-चार मीटर लांबीचा धातू आहे. रेडिओ त्याच्या आत ठेवला तर तो भिंत होतो. दांडी त्याच्या काठावर उभी करून तोच पत्रा तिच्याशी योग्य रीतीने जोडला तर तो एरियलचा अर्धा भाग होतो. ज्याला आपण इतका वेळ दोष देत होतो तोच या कामातला बिनपगारी मदतनीस आहे.

लहरीच्या लांबीचा चौथा भाग, म्हणजे ७३ सेंटीमीटर, एवढी दांडी हवी होती. खेड्यांच्या छपरांवर जुन्या दूरदर्शनच्या एरियलांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या सेवानिवृत्त होऊन पडलेल्या असतात. त्यांतली एक मिस्तरीने मापून कापली. ती पत्र्याला टेकता कामा नये. बांबूचे बूड मामांनी सुचवले, पण बांबू ओला झाला की तो वीज झिरपू देतो. म्हणून बोअरच्या पाइपाचा वीतभर प्लास्टिकचा तुकडा डोंग्याच्या नाकाशी, काठावर, दोन कड्यांनी आवळून त्यात नळी रोवली. मग सुरू झाला तो भाग ज्याला माझ्या मते या कारागिरीचे मर्म म्हणावे, आणि जो पाहताना मामांचा जीव खालीवर होत होता: पत्रा खरवडण्याचा. डांबर, रंग, गंज आणि जस्तावर साचलेली पांढरी पुटी यांच्याखाली असलेला धातू रेडिओच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. मिस्तरीने प्रथम सुरीने डांबर सोलले, मग पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, भोक पाडले, आणि तेथे बोल्ट, दातेरी वायसर, तारेची कडी, पुन्हा वायसर, नट, अशी उतरंड आवळली. तांब्याची उघडी तार त्याने जस्ताच्या पत्र्याला थेट टेकू दिली नाही. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यांतला एक दुसऱ्याला खातो, म्हणून तारेच्या कडीला आधी कथलाचा मुलामा दिला, सांध्यावर ग्रीस थापले आणि सर्वांवर पुन्हा डांबर फासले. मामांनी तेव्हा कुठे सुटकेचा श्वास टाकला.

जस्ताच्या पत्र्याला नवसागर लावून कथलाने झाळता येते. ॲल्युमिनियमला ती सोय नाही, तेथे नटबोल्टच हवा. रिबिटांच्या सांध्यांविषयी आणखी एक गोष्ट आहे. ज्या दोन पत्र्यांच्या मध्ये गंज शिरला आहे त्यांचा संपर्क डोंगा हलेल तसा जुळतो आणि तुटतो, आणि प्रत्येक वेळी संचात एक कडकट उमटते; वल्ह्याच्या तालावर खरखर येत असेल तर ती आकाशातून नव्हे, आपल्याच डोंग्यातून येते असे खुशाल समजावे. मामांच्या डोंग्याच्या मधल्या सांध्यावर असा एक दोष होता. दोन्ही पत्र्यांना जोडणारी तांब्याची चपटी वेणी बोल्टांनी आवळल्यावर तो गेला.

दांडीपासून संचापर्यंतची तार साधी चालत नाही. ती मध्ये गाभा आणि भोवती जाळी असलेली हवी, नाहीतर वाटेत ती स्वतःच एरियल होऊन डोंग्यातला कचरा गोळा करते. तालुक्याच्या बाजारात डिश टीव्हीची ७५ ओहमची केबल सहज मिळते. पुस्तकी पंडित येथे ५० ओहमचा आग्रह धरतील. प्रक्षेपण करायचे असते तर तो आग्रह योग्य होता. नुसते ऐकायचे असताना या विजोडपणाने होणारे नुकसान कानाला कळतही नाही. मात्र या केबलची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि कथील धरत नाही, त्यामुळे तिच्यासाठी स्क्रूचा जोडच वापरावा लागतो. गाभा नळीला, जाळी पत्र्याला. दुसऱ्या टोकाला गाभ्याचा चिमटा संचाच्या दांडीला आणि जाळीची तार सेलच्या ऋण बाजूच्या स्प्रिंगेला. केबलचे वरचे टोक उघडे राहिले तर पावसाचे पाणी जाळीच्या वाटेने आत उतरते आणि वर्षभरात केबल आतून काळी पडते. म्हणून मिस्तरीने ते टोक सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने ताणून गुंडाळले, आणि संचात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल दिला, की ओघळणारे पाणी तेथेच थेंब होऊन गळावे.

चिमटा लावल्यावर चंद्रपूर केंद्र ज्या रीतीने उघडले ते पाहून मामांनी आवाज कमी करायला सांगितले. मासे बुजतात, असे कारण त्यांनी दिले.

याच सुमारास पाहणीच्या कामावर आलेल्या एका मोटारबोटीच्या चालकाने आपलेही गाऱ्हाणे मांडले: बोट थांबली की रेडिओ वाजतो, इंजिन सुरू झाले की एकसारखा तडतडतो. हा निराळा रोग होय. पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक ठिणगी हे एक लहानसे प्रक्षेपण केंद्रच असते, आणि ते केंद्र नागपूरप्रमाणे दीडशे किलोमीटरांवर नव्हे तर दोन हातांवर असते. रोध बसवलेला स्पार्क प्लग, ज्याच्या क्रमांकात बहुधा ‘आर’ हे अक्षर असते, हा पहिला उपाय; एरियल इंजिनापासून दूर, नाकाशी नेणे हा दुसरा; आणि बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन एरियलच्या केबलपासून विरुद्ध काठाने नेणे हा तिसरा. डिझेल इंजिनात ठिणगी नसल्याने हा त्रास नाही. परंतु मिस्तरीने उपायांना हात घालण्यापूर्वी केलेली तपासणी मला अधिक शिकवून गेली. त्याने बोटीवरील प्रत्येक वस्तू बंद केली, एका लहान ट्रान्झिस्टरवर केंद्र नसलेली रिकामी जागा लावून तो हातात धरला, आणि एकेक वस्तू सुरू करत तो संच तिच्याजवळ नेऊन ऐकत गेला. इंजिन अपराधी ठरलेच. पण त्याच्याइतकीच अपराधी ठरली ती रात्रीसाठी लावलेली एक स्वस्त एलईडी बत्ती, जिच्या पोटातील विजेचे रूपांतर करणारा तुकडा संपूर्ण तबकडीभर गुणगुणत होता. तिच्यावर कोणाचाही संशय नव्हता.

एवढे करूनही काही जागा मुक्या राहतात. जलाशयाची बोटे डोंगराच्या घड्यांमध्ये जेथे शिरली आहेत तेथे चंद्रपूरची लहर थेट येते, तशीच समोरच्या कड्यावर आपटूनही येते, आणि दोन्ही परस्परविरोधी स्थितीत भेटल्या की एकमेकींना पुसून टाकतात. अशा दोन मुक्या जागांमधले अंतर लहरीच्या निम्म्या लांबीच्या, म्हणजे दीड मीटरच्या, आसपास असते. म्हणून आवाज गेला तर संचाशी झगडण्यापेक्षा वल्ह्याचा एक हलका फटका मारावा. मामांना हे आधीपासून ठाऊक होते. कोणत्या खडकाजवळ भजन लागते आणि कोणत्या वळणावर तुटते याची त्यांची यादी मासे मिळण्याच्या जागांच्या यादीइतकीच पक्की होती.

ज्यांना संध्याकाळी दूरची केंद्रे ऐकण्याची हौस आहे त्यांच्यासाठी मिस्तरीजवळ आणखी एक चीज होती: हात-सव्वा हाताची लाकडी चौकट, तिच्याभोवती तारेचे दहा-अकरा वेढे आणि जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढलेला गँग कंडेन्सर. या चौकटीला संचाशी तारेने जोडावेच लागत नाही. फळीवर संचाच्या शेजारी उभी करून कंडेन्सर फिरवला की एका बिंदूवर दुबळे केंद्र उसळून वर येते. चौकटीने गोळा केलेली शक्ती ती जवळच्या फेराइट कांडीच्या हवाली करते. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या ज्या थराने दिवसा मध्यम लहरी शोषून घेतल्या तो थर विरतो आणि दूरच्या लहरी वरून परावर्तित होऊन येऊ लागतात, तेव्हा या चौकटीने रायपूर आणि हैदराबाद दोन्ही स्पष्ट केले. काठाच्या आत, तळाशी मात्र तीही निरुपयोगी.

या साऱ्या खटाटोपाला केवळ करमणुकीचे मोल आहे असे ज्यांना वाटते त्यांनी वैनगंगेचा ऑगस्ट २०२० चा पूर आठवावा. गोसीखुर्दच्या विसर्गाने नदी फुगून ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत काठची गावे वेढली गेली आणि माणसे होड्यांतून काढावी लागली. अशा वेळी होडीतल्या माणसाच्या हातातील बिनतारी संचालाही हाच नियम लागू होतो. त्याच्या लहरी साधारणतः दोन मीटरांच्या आसपास असतात. संच कमरेला लावून पत्र्याच्या तळाशी बसलेल्याचा आवाज काठावरच्या माणसाला तुटक ऐकू जातो, आणि काठावर पन्नासेक सेंटीमीटरची दांडी उभी करून पत्रा तिच्याशी जोडलेला असेल तर तोच संच खणखणीत बोलतो. पूर आल्यानंतर हे काम करायला सवड मिळत नसते. बोल्ट मे महिन्यात आवळून ठेवावे लागतात.

राहिली विजेची गोष्ट. ज्या दिवशी डोंग्यातील सर्व खरखर दूर झाली त्या दिवशी मिस्तरीने मामांना मध्यम लहरींवर आता कोणती खरखर ऐकायची हे शिकवले. आभाळ डोक्यावर स्वच्छ असले तरी क्षितिजापलीकडच्या ढगात वीज चमकली की ५८५ च्या आसपास एक तुटक, कोरडी कडकड उमटते. एफएमवर ती जवळजवळ येत नाही. कडकडींमधले अंतर कमी होत चालले आणि त्यांचा जोर वाढू लागला तर ढग या बाजूला येत आहे असे समजावे. उघड्या पाण्यावर, धातूच्या डोंग्यात, वर उभी दांडी घेऊन बसलेला माणूस त्या परिसरातील सर्वांत उंच वस्तूंपैकी एक असतो, आणि आपल्या विदर्भात दर पावसाळ्यात विजेने माणसे दगावतात. तेव्हा ज्याला डोंग्यावर एरियल बसवायचे असेल त्याने दांडी एकाच नटाने, हत्याराशिवाय, बसल्या जागेवरून उतरेल अशीच बसवून घ्यावी, आणि कडकड दाट होऊ लागली की बातम्या पुऱ्या होण्याची वाट न पाहता प्रथम दांडी आडवी करावी, चिमटा सोडवावा आणि डोंगा काठाला लावावा.